बायकोची झोप

माझ्या बायकोला झोप कशी यायची ते आधी सांगतो. ती अंथरुणाला पाठ टेकायची, डोक्याखालची उशी एकदा उलटी करायची आणि मी कंदिलाची वात खाली करेपर्यंत तिचा श्वास लांब झालेला असायचा. कधी बोलता बोलताच झोपायची. "उद्या दूधवाल्याले सांगजा का..." एवढं म्हणून थांबायची आणि त्याला काय सांगायचं ते मला सकाळी कळायचं. शेजारच्या लग्नाचा बँड वाजो, कुत्री भांडोत, तिच्या पापणीला फरक पडत नसे. मी बाजूला डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत पडलेला असायचो आणि मनात तिच्यावर जळायचो. दुसऱ्या कुणाच्या पैशावर, रूपावर मी असा कधी जळलो नाही. झोपेवर मात्र जळलो, आणि तेही लग्नाच्या बायकोच्या.

आम्ही दोघंही अकोल्यात एकाच शाळेत प्राथमिक शिक्षक होतो. दोघंही सातवी पास आणि शिक्षकाचं नॉर्मलचं ट्रेनिंग झालेली. धर्मांतराला दोन वर्षं झाल्यावर आमचं लग्न झालं. मंडपात गाथा म्हणणाऱ्यालाही त्या नवीन होत्या, तो वही समोर धरून वाचत होता. माझा बाप नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात राबायचा. तिची माय अमरावतीला कापसाच्या जिनात कामाला होती. माझ्या घरात हातात लेखणी धरणारा मी पहिला, तिच्या घरात ती पहिली. म्हणून आमची जोडी लोकांना शोभून दिसे आणि मलाही शोभून दिसे, मॅट्रिकचं निघेपर्यंत तरी.

मॅट्रिकला बाहेरून बसायचं तिच्या डोक्यातून निघालं. मॅट्रिक झालं की पगाराची श्रेणी बदलायची आणि पुढे हायस्कुलाचं दार उघडायचं. मी आधी टाळाटाळ केली, पण तिने दोन फॉर्म आणले आणि माझाही भरून टाकला. मग रोज जेवणं झाली की आमच्या एका खोलीत मधोमध कंदील ठेवून आम्ही समोरासमोर अभ्यासाला बसायचो. अंकगणित आणि भूमिती तिची पक्की होती. इंग्रजीत ती अडखळायची आणि मी तिला समजावून द्यायचो. समजावताना मला फार बरं वाटायचं. ती गणित घालायची तेव्हा मात्र मी पाटीवरून मान वर करत नसे.

एक दिवस मधल्या सुट्टीत हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, बाई तुमच्या आधी निघून जातील बरं का." सगळे हसले. मीही हसलो, बायको ओशाळून खडूची डबी आवरू लागली. गंमतच होती ती. पण त्या रात्री मला झोप आली नाही, दुसऱ्या रात्रीही आली नाही आणि मग ते लागूनच गेलं.

पडल्यावर डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायची. निकालाच्या दिवशी पेपरात तिचा नंबर आहे आणि माझा नाही. मग स्टाफरूममधले चेहरे यायचे. मग गावच्या पारावर बसलेला बाप यायचा, जो भेटेल त्याला सांगायचा की माहा पोरगा मॅट्रिक होऊन राहिला. मी मनगटावरचं घड्याळ कंदिलाजवळ नेऊन पाहायचो. आता झोपलो तर पाच तास मिळतील. मग आता झोपलो तर चार. मग तीन. या हिशोबाने कुणाला झोप आली असेल असं वाटत नाही, पण मी तो रोज करायचो. आणि शेजारी ती संथ श्वास घेत असायची, पोटावर हात ठेवून, जणू सगळी परीक्षा माझी एकट्याचीच होती.

उपाय केले नाहीत असं नाही. शेजारच्या म्हातारीने तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायला सांगितलं. बायको दिवसभराची थकलेली, तरी तिने आठ दिवस माझे तळवे घासले. दर वेळी घासता घासता तिलाच पेंग यायची आणि वाटी हातातून सुटून फरशीवर वाजायची. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने बाटलीत गुलाबी मिक्श्चर दिलं, त्याने तोंड कडू झालं आणि दिवसा वर्गात मात्र डोळे मिटायला लागले. मुलं पाढे म्हणत राहायची आणि मी खुर्चीत डुलायचो. रात्री पुन्हा टक्क जागा.

मग मी हलकटपणाला लागलो. लहान लहान गोष्टी होत्या. पाणी प्यायला उठलो की तांब्या मुद्दाम जोरात ठेवायचो. अभ्यासाचं निमित्त करून वात मोठी करायचो आणि कंदील तिच्या तोंडाकडे सरकवायचो. ती कूस बदलायची आणि झोपायची. एकदा तर मी तिचं पांघरूण ओढून स्वतःवर घेतलं. तिने झोपेतच पाय पोटाशी घेतले. सकाळी मला म्हणाली, रात्री फार थंडी होती नाही? मी म्हटलं, मला नाही जाणवली.

आमचं परीक्षेचं केंद्र अमरावतीला आलं. आम्ही सासूबाईंकडे उतरायचं ठरवलं. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंतच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोला एका बाईच्या मिरच्यांच्या पोत्याला टेकायला मिळालं आणि मूर्तिजापूर यायच्या आत ती झोपली. ती पोतंवाली बाई मला कौतुकाने म्हणाली, "झोपू द्या, गरिबाले झोप येते हे चांगलं लक्षण हाय." मी दाराजवळ उभा होतो. मीही गरीबच होतो, पण ते तिला सांगत बसलो नाही.

सासूबाईंचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे बाजा टाकण्याएवढं अंगण. खोलीत बुद्धाची तसबीर आणि खाली पितळेचं तबक. सासूबाई मोजकं बोलणाऱ्या, मला जवाईबापू म्हणायच्या आणि माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसत. एप्रिलचा उकाडा होता, म्हणून आम्ही सगळेच अंगणात झोपत होतो. पहिले तीन पेपर बरे गेले. गणिताचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा तिचा खुललेला चेहरा पाहूनच मला कळलं आणि मी तिला पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. तिनेही माझ्या तोंडाकडे पाहून आपणहून काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी होतं, आणि त्यालाच ती घाबरत होती. निबंध आणि पत्र पाठ करायचं राहिलं होतं. जेवण झाल्यावर तिने वही उशाखाली ठेवली आणि म्हणाली, "मी आता वाचलं तर काही डोक्यात जात नाही. मले चार वाजता उठवजा. तुमी जागेच असता."

तुमी जागेच असता. तिने साध्या मनाने म्हटलं होतं. मला ते टोचलं. माझा दुखणाईतपणा तिच्या गजराच्या कामाला येणार होता.

त्या रात्री मी एक क्षणही झोपलो नाही. चार वाजलेले मी घड्याळात पाहिले. बायकोची बाज माझ्या बाजेपासून हातभर अंतरावर होती, नुसता हात लांब केला असता तरी पुरलं असतं. मी हात लांब केला नाही. मनाशी म्हटलं, पाच मिनिटं झोपू दे. मग म्हटलं, अजून दहा. आपण तिच्यावर दया करतो आहोत असं मी स्वतःला सांगत होतो, पण मला खरं काय ते ठाऊक होतं. इंग्रजी हा माझा विषय होता. तिथे तरी ती माझ्या मागे राहावी असं मला वाटत होतं. साडेचार झाले. पाचला सासूबाई उठल्या, चुलीकडे जाता जाता माझ्या बाजेजवळ क्षणभर थांबल्या. मी डोळे मिटायला उशीर केला. त्या आत गेल्या.

बायको सहाला दचकून उठली. आधी उजेडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अवो, उठवलं नाही काहून?"

"माझाच डोळा लागला," मी म्हटलं.

मला वाटलं ती रागावेल. तिचा चेहरा उजळला. "लागला? बरं झालं. इतक्या दिवसांनी लागला," असं म्हणून तिने वही काढली आणि दात घासता घासता निबंध पाठ करायला लागली. आईला आत ओरडून सांगितलं की यांना रात्री झोप लागली. आतून नुसता फुंकणीचा आवाज आला.

पेपर अकराला सुरू झाला. प्रश्नपत्रिका सोपी होती. पहिला प्रश्न मी भराभर लिहिला आणि दुसरा लिहायला घेतला. वर्गात वाळ्याचे पडदे लावले होते, त्यांच्यावर शिपाई पाणी मारत होता आणि गार वास येत होता. पुढचं आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. पर्यवेक्षक होते. माझा गाल उत्तरपत्रिकेवर होता आणि शाई ओठाला लागली होती. घड्याळात पाहिलं तर शेवटची वीस मिनिटं उरली होती. किती महिने जी झोप मी पायाला तूप चोळून बोलावत होतो, ती मला तिथे आली. मी हाताला येईल ते लिहिलं. पलीकडच्या रांगेत बायको मान खाली घालून लिहीत होती, तिने काही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती शेजारच्या मैत्रिणीकडे गेली तेव्हा सासूबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, जवाईबापू, बसा. मी बसलो. त्यांनी सुपातली नजर वर केली नाही.

"तुमी रातभर जागेच होते. मी पाह्यलं. पोरीले नाही उठवलं."

त्या वाट पाहत राहिल्या. जिनाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाईला उत्तराची घाई नसते. शेवटी मी म्हटलं की ती पास होईल आणि मी राहीन, याचं मला भेव वाटतं. तिला झोप येते, मला येत नाही. मला तिचं पाहवत नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं तेव्हा माझे कान तापले.

सासूबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "हे मले सांगून काय होते? तिले सांगा," म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. त्यांनी लेकीला काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी तिला सांगितलं नाही. जूनमध्ये निकाल लागला. ती सेकंड क्लासमध्ये पास झाली आणि मी इंग्रजीत नापास झालो. इंग्रजीत. शाळेत कुणाला पटेना. पेपर तपासण्यात चूक झाली असेल असं हेडमास्तर म्हणाले आणि मी मान हलवली. बायकोने पेढे वाटले नाहीत, नवीन पातळ घेतलं नाही, कुणी अभिनंदन केलं की विषय बदलायची. मला त्याचाही राग यायचा. तिने मिरवलं असतं तर मला उघड चिडता आलं असतं. बापाला मी पत्राने कळवलं. त्याने कुणाकडून तरी उत्तर लिहून घेऊन पाठवलं, त्यात एवढंच होतं की सुनेचं ऐकून आनंद झाला, तू तब्येतीला जप. ते कार्ड मी फाडलं.

हिवाळ्यात पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली आणि मधे थोडी कमी झालेली माझी जागरणं पहिल्यासारखी सुरू झाली. एका रविवारी दुपारी आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. ती म्हणाली, या खेपेला इंग्रजीच्या आदल्या रात्री तरी तुम्हाला मागच्यासारखी झोप लागली म्हणजे झालं. मला ते सोसलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. चार वाजलेले पाहिले ते, हात लांब केला नाही ते, वर्गात झोपलो ते. तांब्या आणि पांघरुणाचंही सांगितलं.

तिने शेंगांचं ताट बाजूला केलं. "मी नापास झाली असती तर तुमाले झोप आली असती काय?"

मी विचार केला. खोटं बोलायचं आता काही कारण राहिलं नव्हतं. "आली असती," मी म्हटलं.

ती उठून बाहेर गेली. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फक्त शाळेत बोलली, तेही मास्तर, खडू द्या, एवढंच. घरात पानावर भाजी वाढायची आणि आपण पाठ करून जेवायची. रात्री तीही जागी असायची, हे मला श्वासावरून कळत होतं. मला वाटलं होतं तिला एकदा जागं पाहून मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही.

नवव्या दिवशी शाळेतून येताना ती वाटेत आपणहून बोलली. लहानपणी कापसाच्या दिवसांत तिची माय रात्रपाळीला जायची. बाप नव्हता. पोरगी एकटी म्हणून माय बाहेरून कडी लावून जायची. रडून उपयोग नव्हता, कुणी उघडणारं नव्हतं. मग ती डोळे गच्च मिटून घ्यायची आणि झोपून जायची. उघडले की माय आलेली असायची.

"तुमाले वाटते मले भेव नाही म्हणून झोप येते," ती म्हणाली. "मले भेव आलं का झोप येते. परीक्षेच्या टायमाले मी किती झोपत होती, पाहा आठवून."

मी आठवून पाहिलं. गाडीत. अभ्यासाच्या वहीवर डोकं टेकवून. इंग्रजीच्या आदल्या रात्री, जेवण झाल्या झाल्या. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो ते हे होतं.

जळणं त्याने लगेच थांबलं असं म्हणणार नाही. मला अजूनही वाटायचं की भीतीच वाटायची तर ती अशी तरी वाटावी. पण त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. तिने माझं घड्याळ काढून घेतलं आणि संध्याकाळी पेटीत टाकून कुलूप लावायला सुरुवात केली. जागं राहिलं तर पडून राहायचं नाही, उठून काहीतरी करायचं असं ठरवलं. मी डाळ निवडायचो, दुसऱ्या दिवशीच्या पाट्या पुसून ठेवायचो, मुलांच्या वह्या तपासायचो. आणि जेवण झालं की ती मला विचारायची, आज कशाचं भेव आहे.

"नापास होईन."

"मंग?"

"लोक हसतील."

"मंग?"

"बाप गावात काय सांगेल?"

"सांगन का पोरगा नापास झाला. मंग?"

मंगच्या पलीकडे दुसऱ्या दिवशीची शाळाच असायची, तीच चौथी ब. कधी कधी आम्हाला हसू यायचं. कधी मी चिडून उठून जायचो. सगळ्या रात्री काही चांगल्या गेल्या नाहीत, पण आठवड्यातून तीन-चार दिवस मला झोप लागायला लागली. बाकीच्या दिवशी घरातली डाळ निवडून व्हायची.

दुसऱ्या खेपेला मी थर्ड क्लासमध्ये पास झालो. तोवर ती पुढच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. मी त्या वाटेला गेलो नाही. तिला हायस्कुलात नेमणूक मिळाली त्या दिवशी मी तिला सांगितलं की मला आनंद झाला आहे आणि पोटात दुखतही आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, जेवून घ्या.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. ती माझ्यावर गेली होती. दिवसा कशीबशी झोपायची आणि अंधार पडला की टकटक पाहत राहायची, खाली ठेवलं की रडायची. बायकोला दिवसभर हायस्कूल, त्यात बाळंतपणाचा थकवा, ती बसल्या बसल्या मिटून जायची. मुलीला खांद्यावर टाकून खोलीतल्या खोलीत फिरायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या जागरणाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं ते पहिल्यांदाच घडलं. मी तिला पाढे म्हणून दाखवायचो. सतराच्या पाढ्याला ती हमखास शांत व्हायची.

सवय अशी लागली की ती दुसऱ्या कुणाकडे राहीना. एकदा रविवारी बायकोने तिला हौसेने घेतलं, थोपटलं, गाणं म्हटलं. मुलगी माझ्याकडे हात करून रडत राहिली. मी घेतल्यावर गप्प झाली. बायको रिकामे हात मांडीवर ठेवून आमच्याकडे पाहत होती.

"तिले तुमीच लागता," ती म्हणाली. "मी नऊ महिने वागवलं."

ते डोळे मला ओळखीचे होते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर राहू दिलं आणि तिचे पाय बायकोच्या मांडीवर सोडले. "सतराचा तू म्हण," मी म्हटलं. तिने सुरुवात केली. सतरा पंचे पंच्याऐंशीला मुलीने तिच्याकडे मान वळवून पाहिलं, आणि बायको चुकायला नको म्हणून सावकाश, एकेक शब्द जपून म्हणत पुढे गेली.